टाकीचा डाग

ती गाडी आमच्याकडे आली तेव्हाच वीस वर्षांची होती. यांच्या कारखान्यातले एक मॅनेजर बडोद्याला चालले होते, त्यांना ती सोबत न्यायची नव्हती. एका संध्याकाळी हे ती चालवत घरी घेऊन आले आणि दारात थांबवून हॉर्न वाजवला. मुलगी धावत बाहेर गेली. मी पोळ्या करत होते, म्हणून मागून गेले. अंगणात पाय ठेवला तेव्हा मला पहिल्यांदा जाणवला तो पेट्रोलचा वास. मला वाटलं, नुकतंच पेट्रोल भरलं असेल.

आम्ही तेव्हा सिल्वासाला, डोकमर्डीत राहत होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि सिल्वासात रोज कुठे ना कुठे नव्या शेडचे पत्रे चढत होते. हे मूळचे नाशिकचे. कापडावर रसायनाचा थर चढवून रेक्झिन तयार करायच्या एका छोट्या कारखान्यात हे शिफ्टचे इन्चार्ज होते. यांच्या कपड्यांना कायम एक गोडसर, डोक्यात चढणारा वास असायचा. मी ते कपडे वेगळ्या बादलीत धुवायचे. लग्नाआधी यांना फुलांची फार आवड होती, नाशिकहून येताना मोगऱ्याची रोपं आणली होती, ती मागच्या दाराशी लावली होती. पुढे त्यांच्याकडे यांचं लक्षच राहिलं नाही. मी समजले, कामाचा ताण.

गाडी घेतल्यावर पहिल्याच दिवाळीला आम्ही नाशिकला निघालो. खानवेल सोडलं, घाट लागला, आणि मागच्या सीटवर बसलेली आमची सहा वर्षांची मुलगी ओकली. जव्हारपर्यंत तीनदा ओकली. मी तिला मांडीवर घेऊन काच खाली करून बसले होते आणि सारखी म्हणत होते, "अहो, पेट्रोल गळतंय कुठेतरी. मागे बसवत नाहीये." हे गाडी कडेला घ्यायचे, डिकी उघडायचे, आत डोकं घालायचे आणि म्हणायचे, "कुठे गं? काही नाहीये."

मला राग यायचा. नव्या गाडीचं कौतुक आहे म्हणून कबूल करत नाहीत असं वाटायचं.

नाशिकला पोचल्यावर माझा दीर गाडीजवळ आला आणि दोन हात लांबूनच म्हणाला, "दादा, काडी ओढू नका कुणी इथे." तेव्हा यांचा चेहरा पडला. परत आल्यापासून यांचे सगळे रविवार त्या गाडीत गेले.

गावातल्याच आमली भागातल्या एका मेकॅनिककडे आधी नेली होती. त्याच्याकडे टेम्पो आणि स्कूटरी यायच्या, आमची गाडी बघून तो हसला. "साहेब, वेची नाखो," म्हणाला. विकून टाका. यांनी ते मनावर घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण यांना वाटायचं, मी दिवसभर पंप आणि पाइप सांभाळतो, ही एवढीशी गाडी मला दुरुस्त होणार नाही? घरीच करू.

पहिल्यांदा सापडली ती टाकीपासून पंपापर्यंत जाणारी रबरी नळी. वाकवली की तिला बारीक बारीक चिरा दिसायच्या. ती बदलली. दोन आठवडे बरे गेले. मग पुन्हा वास. मग पंपाचा आतला पडदा फाटलेला निघाला. तो बदलला. मग कार्बोरेटर भरून वाहायला लागला. प्रत्येक वेळी हे हात पुसत घरात यायचे आणि म्हणायचे, "झालं." आणि प्रत्येक वेळी आठ-पंधरा दिवसांनी मी सकाळी दार उघडलं की तो वास तिथे असायचा. आधी अंगणात, मग पुढच्या खोलीत, मग पडद्यांना, मुलीच्या दप्तराला.

याच काळात फिटरभाऊ आमच्याकडे यायला लागले. आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे खोल्यांची एक रांग होती, तिथे ते बायको आणि दोन लेकरांसह राहायचे. शिरपूरकडचे. सूत तयार करणाऱ्या एका मिलमध्ये फिटर होते. एका रविवारी ते भिंतीवरून डोकावून म्हणाले, "साहेब, तो नट उलट्या पेचाचा शे. तुम्ही तो आवळून राहिले." हे चिडले नाहीत. म्हणाले, "मग या की इकडे." ते भिंतीवरून उडी मारूनच आले. त्या दिवसापासून दर रविवारी येत राहिले.

त्यांनी कधी काही मागितलं नाही. चहा घ्यायचे, तोही बाहेर ओट्यावर. त्यांची बायको कधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पाठवायची, मी वाटीत शिरा घालून पाठवायची. यांना इथे मित्र असा कोणी नव्हता. मॅनेजर लोक मुंबई-पुण्याचे, संध्याकाळी आपापल्या घरात. फिटरभाऊ आले की यांचा आवाज बदलायचा. दोघे गाडीखाली उताणे पडून बोलत असायचे. फिटरभाऊ बाहेर आमच्याबद्दल सांगायचे, "आमचे साहेब म्हणजे साहेबासारखे नाही, भावासारखे शेत." हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं होतं.

एका रविवारी कार्बोरेटर उतरवायचा म्हणून आधी टाकीतलं पेट्रोल काढत होते. टाकीत नळी घालायची, तोंडाने ओढायची आणि धार लागली की नळी डब्यात सोडायची. ओढायला हे बसले. जरा जास्तच ओढलं गेलं आणि तोंडभर पेट्रोल आलं. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. फिटरभाऊ ओरडले, "थुका, साहेब, थुका!" आणि पाण्याची बादली घेऊन धावले. हे थुंकले. तोंड पुसलं. चेहऱ्यावर काही नाही. पाणी थुंकावं तसं.

"आलं थोडं तोंडात," म्हणाले.

फिटरभाऊ हसत सुटले. "साहेब पक्के शेत! मी असतो तर दोन दिवस जेवलो नसतो."

मी हसले नाही. तांदळाचं ताट तसंच मांडीवर राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली, जिची मला अजून लाज वाटते. रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा एका वाटीत ठेवला आणि ती वाटी यांच्या चहाच्या बशीला चिकटवून ठेवली. यांनी पेपर वाचत पूर्ण चहा प्याला. मग मी वाटी उचलून यांच्या नाकाखाली धरली.

"हे काय आहे?" मी विचारलं.

यांनी वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"किती दिवस झाले?" मी म्हटलं.

"दिवस कसले. वर्ष होऊन गेलं."

वापीच्या नाकाच्या डॉक्टरकडे हे एकटेच जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाले होते, वर्षानुवर्षं कारखान्यातल्या वाफा नाकात गेल्या, वास आता परत येईलच असं नाही. मला का सांगितलं नाही असं विचारलं, तर हे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू कारखाना सोडायला लावला असतास." आणि कारखान्यात कळलं असतं तर त्यांनीच काढलं असतं. ज्या खोलीत कापडावर थर चढतो तिथे कुठे गळती झाली तर पहिली खबर नाकालाच लागते. इन्चार्जला वासच येत नाही म्हटल्यावर त्याचा काय उपयोग? "तिथे माझ्या हाताखालची दोन माणसं आहेत, त्यांना मी सारखं विचारत असतो, वास येतोय का रे. त्यांना वाटतं मी त्यांची परीक्षा घेतो," असं म्हणून हे हसले. मला ते हसणं बघवलं नाही.

"मला दुसरं काय येतं?" हे म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. नाशिकलाही नाही."

मी मुलीची शपथ घेऊन सांगितलं, नाही सांगणार.

त्यानंतर गाडीचं नाक मी झाले. रविवारी मी कणीक भिजवत असले तरी बाहेरून हाक यायची, "अगं, जरा ये." मी पिठाचे हात तसेच घेऊन जायची आणि उघड्या बॉनेटवर वाकून नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हुंगत जायची. "इथे आहे." "इथे नाही." फिटरभाऊंना वाटायचं, हा आमचा नवराबायकोचा खेळ आहे. "वहिनींचं नाक म्हणजे मीटर शे," असं ते म्हणायचे. हे पण म्हणायचे, "हो ना, तिच्यासारखं नाक नाही कुणाचं." मी मान खाली घालून हुंगायची.

ते दिवस कसे होते ते नीट सांगता येत नाही. बाहेरून काहीच घडत नव्हतं. पण मी सतत हुंगत असायची. यांचे कपडे हुंगायची, कारखान्यातून आल्यावर यांचा श्वास हुंगायची. कामावर हे निघाले की परत येईपर्यंत मी सारखी दारात येऊन रस्त्याकडे बघायची. भाजीबाजारात, कोथिंबिरीच्या जुडीला मला पेट्रोलचा वास यायला लागला. मुलीच्या केसांना यायला लागला. ती म्हणायची, "आई, मी आत्ताच न्हायलेय." एखादा रविवार असा यायचा की मी नळीवर वाकले आहे आणि मला कळत नाहीये, वास खरंच येतोय की माझ्या डोक्यात आहे. आणि दोन पुरुष माझ्या तोंडाकडे बघत उभे आहेत. मी काय म्हणेन त्यावर त्यांचा पुढचा आठवडा ठरणार.

एकदा मी "नाही" म्हटलं आणि तसं नव्हतं. त्या आठवड्यात पोरीला शाळेत सोडताना गाडी बंद पडली आणि खाली पेट्रोलचं थारोळं झालं. हे खाली बसून थारोळ्यावर माती टाकत राहिले. त्यापेक्षा मला बोलले असते तर बरं.

शेवटी कळलं की मुळात टाकीच गेली आहे. डिकीत बसवलेली पत्र्याची टाकी, तिच्या खालच्या सांध्याला गंज चढून तो उसवला होता. तिथून थेंब थेंब यायचे. सगळ्या नळ्या आणि पंप बदलले तरी वास का जात नव्हता ते तेव्हा समजलं. फिटरभाऊंनी त्या सांध्यावर कपडे धुवायचा साबण घासून घासून भरला. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तात्पुरता धरून ठेवतो. तो महिनाभर टिकला. मग तोही सुटला.

पुढच्या आठवड्यात नाशिकला माझ्या पुतणीचं लग्न होतं आणि हे हट्टाला पेटले होते की गाडीनेच जायचं. दिवाळीला दीर जे बोलला होता ते यांच्या मनात होतं. टाकी उतरवून सांध्याला डाग द्यायचं ठरलं. डाग म्हणजे पत्रा तापवून वर कथील वितळवायचं, ते सांध्यात उतरतं आणि भोक बुजतं. फिटरभाऊ मिलमधून पत्र्यावर ज्योतीचा झोत सोडणारी बत्ती मागून आणणार होते.

गुरुवारी टाकी रिकामी केली. धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्याने तीनदा धुतली. दोन दिवस उन्हात उपडी घातली. शनिवारी दुपारी मी टाकीच्या तोंडाशी नाक नेलं.

"अजून आहे," मी म्हटलं.

हे पुन्हा धुवायला बसले. संध्याकाळी पुन्हा बोलावलं.

"कमी आहे. पण आहे."

"नक्की?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरोखरच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी फिटरभाऊ बत्ती घेऊन आले. हिवाळ्याचे दिवस, छान ऊन होतं. मुलगी त्यांच्या लेकरांबरोबर पलीकडे खेळायला गेली होती. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. हे दारात आले आणि म्हणाले, "अगं, ये जरा."

मी म्हटलं, "मी नाही येणार."

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं नाही. मी आता कधीच नाही येणार. तुम्ही कारखान्यात सांगून टाका. ती गाडी कुणाला तरी देऊन टाका. लग्नाला आपण बसने जाऊ. मला आता वास येतो की नाही हेच कळत नाही, तुम्ही मला वेडी कराल."

"हळू बोल. तो बाहेर आहे."

"ऐकू दे त्यांना."

पण मी ते हळूच म्हटलं. मोठ्याने म्हणाले असते तर फिटरभाऊंनी ऐकलं असतं. हे क्षणभर दाराला हात लावून उभे राहिले, मग गेले.

स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडत होती. मला सगळं ऐकू येत होतं. आधी त्यांनी टाकीत काठोकाठ पाणी भरलं. फिटरभाऊंनीच तसं सांगितलं होतं, पाणी असलं की आत वाफ राहायला जागा राहत नाही. पण पाण्यामुळे पत्रा तापेना आणि कथील धरेना. अर्धा तास ते झटत होते. मग फिटरभाऊ म्हणाले, "साहेब, असं नाही व्हायचं. पाणी काढावं लागेल." पाणी ओतल्याचा आवाज आला.

मग फिटरभाऊंनी विचारलं, "आता वास नाही ना, साहेब? वहिनींना बोलवू का?"

"नको. ती कामात आहे."

मग टाकी सरकवल्याचा आवाज आला. यांनी टाकीच्या तोंडाशी नाक नेलं असणार.

"नाही," हे म्हणाले. "वास नाही."

मी हे ऐकलं. माझे हात कणकेत होते. चार पावलं चालून मी बाहेर जाऊ शकत होते. त्या वेळी माझ्या मनात काय होतं हे मी पुढे किती वेळा आठवून पाहिलं. कधी वाटतं, मला वाटलं असेल, चारदा धुतली आहे, आता काय राहिलं असणार. कधी वाटतं, मला वाटलं असेल, होऊ दे एकदा यांची फजिती. यातलं खरं कोणतं, मला सांगता येत नाही. मी गेले नाही, एवढं खरं.

बत्तीचा भुरभुर आवाज सुरू झाला. आणि मग असा आवाज झाला की खिडकीची काच माझ्या कणकेत येऊन पडली.

मी बाहेर आले तेव्हा हे भिंतीला टेकून उभे होते, यांना काही झालं नव्हतं. हे पाना आणायला चार पावलं बाजूला गेले होते. टाकीची एक बाजू सुटून फिटरभाऊंच्या तोंडावर आली होती. ते खाली बसले होते, पडले नव्हते. उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत होते. त्यांची बायको भिंतीपलीकडून हाका मारत होती, "काय झालं? ओ ताई, काय झालं?"

समोरच्या टेम्पोवाल्याने त्यांना दवाखान्यात नेलं, तिथून वापीला, तिथून सुरतेला. डावा डोळा गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि उरलेली दोन वाकेनात. पोलीस येऊन गेला, यांनी सांगितलं, टाकी धुतली होती, पाणी काढल्यावर हा प्रकार झाला. ते लिहून घेऊन तो गेला. ते सगळं खरंच होतं.

दहा-बारा दिवसांनी आम्ही दोघं सुरतेला भेटायला गेलो. तोवर त्यांना बोलता येत नव्हतं. आम्ही कॉटजवळ उभे राहिलो तेव्हा त्यांनी एका डोळ्याने यांच्याकडे पाहिलं. पट्ट्यांमधून त्यांचा आवाज बारीक येत होता.

"साहेब, माफ करा," ते म्हणाले. "तुमची टाकी फुटली मायाकडून. मी घाई केली. पाणी अर्धं तरी ठेवायला पाहिजे व्हतं. तुमाले लग्नाले जायचं व्हतं."

हे कॉटच्या लोखंडी दांड्याला धरून उभे राहिले. मी यांच्याकडे बघत होते. आता सांगतील, असं वाटत होतं. यांचे ओठ हललेही. मग हे म्हणाले, "तू आधी बरा हो."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर यांनी माझा दंड धरला. "मी नाही सांगू शकत. आणि तूही सांगू नकोस. त्याला काय मिळणार आहे त्यातून?"

मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा.

पुढे फिटरभाऊ मिलमध्ये परत गेले, पण त्या हाताने काम होईना. त्यांनी खोली सोडली. जायच्या दिवशी लेकरांना घेऊन ते आमच्या ओट्यावर आले, चहा घेतला, आणि पुन्हा टाकीबद्दल बोलले. माझी चूक, साहेब. त्यांच्या बायकोने मला वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले, तर तिला वाटलं मी लाजले.

गाडी टाकीशिवाय अंगणात उभी राहिली. हे तिच्याजवळ कधी गेले नाहीत. एक दिवस भंगारवाला येऊन ओढून घेऊन गेला. कारखान्यात यांनी स्वतःहून जाऊन सांगितलं की मला वास येत नाही. जे सांगायला हे एवढे घाबरत होते ते दहा मिनिटांत आटोपलं. त्यांनी काढलं नाही. पॅकिंगला बदली केली. हे त्या दुपारी घरी आले, बूट न काढता खाटेवर बसले आणि म्हणाले, "एवढंच होतं." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतरची यांची सगळी वर्षं मला त्या एका दुपारसारखी आठवतात. कामावर जायचे, यायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. मुलगी मोठी होत होती, तिलाही सवय झाली.

दोन वर्षांनी आम्ही सिल्वासा सोडून नाशिकला आलो. आल्यावर महिनाभरात मी यांना सांगितलं, माहेरी जाऊन येते, आणि एकटीच धुळ्याची एसटी पकडली. तिथून शिरपूर, तिथून त्यांचं गाव. मला वाटत होतं, मी त्यांना सांगितलं तर निदान ते स्वतःला दोष देणं थांबवतील. मला असंही वाटत होतं की मला झोप लागेल. हे दुसरं कारण जास्त मोठं होतं, हे मी आता कबूल करते.

फिटरभाऊ घरासमोर बाजेवर बसले होते. मला ओळखायला त्यांना मान पूर्ण वळवावी लागली. "वहिनी! अरे, वहिनी आल्या!" असं ओरडून त्यांनी बायकोला बाहेर बोलावलं. चहा झाला. साहेब कसे शेत, पोरगी किती मोठी झाली, सगळं विचारलं. शेजारच्या माणसाला माझी ओळख करून दिली, "हे आमच्या सिल्वासाच्या साहेबांच्या घरचे." तो माणूस गेल्यावर मी सांगितलं.

सगळं सांगितलं. यांचं नाक, माझी शपथ, शनिवारचा वास, रविवारचं भांडण. त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी बोलत होते तोवर फिटरभाऊ डाव्या हाताने उजव्या हाताची उरलेली बोटं चोळत होते.

मग त्यांनी विचारलं, "मी म्हटलं व्हतं, वहिनींना बोलवू का. ते तुमाले ऐकू आलं व्हतं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि साहेब बोलले, वास नाही. तेबी ऐकलं?"

"हो."

ते उठले, चप्पल पायात घातली आणि मागच्या बाजूला निघून गेले. मी वाट बघत बसले. बरीच वाट बघितली. त्यांची बायको कप उचलून आत गेली, बाहेर आली.

"ताई, साडेचारची गाडी आहे," ती म्हणाली. "त्यानंतर नाही."

ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बस दिसली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन वर्षं झाली, ताई, यांना काही राहिलं नाही. पण सिल्वासाचं नाव निघालं की म्हणायचे, तिथे माझा एक मोठा माणूस होता, त्याने मला भावासारखं वागवलं. लेकरांना सांगायचे. आता काय सांगतील?"

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो पदराखाली घेतला.

नाशिकला परत आल्यावर मी यांना सांगितलं की मी माहेरी गेले नव्हते. कुठे गेले होते तेही सांगितलं. हे जेवत होते. घास ताटात ठेवला. मग विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाले," मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. "काहीच नाही?"

"नाही."

"चांगला माणूस आहे गं," हे म्हणाले, आणि पुढचा घास घेतला. त्याने माफ केलं, असा अर्थ यांनी घेतला. पुढे अकरा वर्षं हे जगले आणि तोच अर्थ धरून राहिले. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणालेही, "तो एक शब्दही बोलला नाही मला." मी यांच्या पायावर पांघरूण सारखं करत होते. त्यांनी मला काय विचारलं आणि ते कसे उठून गेले, ते मी सांगितलं नाही.